राऊतबाईंचा रविवार

माझा कवितासंग्रह निघाला नाही, याचं सगळं श्रेय राऊतबाईंना आहे. मराठी वाचकांवर त्यांचे बरेच उपकार असतील, पण मी हा पहिला धरतो.

मी तेव्हा बोईसरला राहत होतो. मूळचा सांगलीकडचा, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी, घरी बायको, एक मुलगी आणि कपाटात चौसष्ट कविता. प्रकाशकानं सांगितलं, हस्तलिखित नको, टाइप करून पाठवा. कुणीतरी पत्ता दिला: पालघरला एस.टी. स्टँडच्या मागं, हार्डवेअरच्या दुकानावर पहिला मजला. जिना चढून गेलो तर पाटीवरची पहिली अक्षरं उन्हानं उडालेली. उरलं होतं फक्त ‘...ती टायपिंग क्लास’. जागृती, प्रगती की भारती, ते कळायला मार्ग नव्हता. मी आत जाऊन तेच विचारलं.

"टायपिंग करून घ्यायला आलाय की पाटी वाचायला?" कोपऱ्यातून आवाज आला.

ह्या राऊतबाई. पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, केसांचा घट्ट आंबाडा, आणि तोंडात कायम बडीशेप. समुद्रकाठच्या शिरगावच्या. रोज सकाळी तिथून येऊन कुलूप उघडायच्या आणि सरकारी परीक्षेच्या मुलामुलींना दिवसभर टायपिंग शिकवायच्या. मधल्या वेळात लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाच्या पत्रिका, सगळं टाइप करून द्यायच्या. कॉम्प्युटर आले होते, पण दोन जुनी यंत्रं त्यांनी खिडकीशी ठेवली होती. "लाइट गेली की हीच कामाला येतात," म्हणायच्या. तुमच्याशी बोलतानासुद्धा त्यांची दहा बोटं टेबलावर नाहीतर मांडीवर चालूच असायची. समोरचा बोलेल ते त्या हवेत टाइप करतात, अशी आमची सगळ्यांची समजूत होती.

आठवड्यानं कविता घ्यायला गेलो. कागद स्वच्छ, एक चूक नाही. पण समासात जागोजागी पेन्सिलीनं ‘झो’ असं लिहिलेलं.

"झो म्हणजे काय?"

"झोप. तिथं तिथं मला झोप आली."

त्यांनी कागद पुढं ओढले. "तुमच्या कवितांत क्षितिज किती वेळा हाय, बघितलंत? आमच्या शिरगावला रोज दिसतं. कोणी ढुंकून बघत नाय."

"ती प्रतिमा आहे, बाई."

"असंल. पण बोटं आपोआप गेली माझी. तीस वर्षं हेच करते मी. अर्जात ‘सविनय सादर’ आलं की बोटं माझ्याशिवाय जातात, मी खिडकीतून एस.टी. बघते. तुमच्या क्षितिजाला पण मी एस.टी.च बघत होते. डोकं न लावता जे टाइप होतं ना, ते तुमचं नाय. ते आधीच कोणाचंतरी हाय."

मी पैसे ठेवून उठलो. इतका अपमान माझा कंपनीच्या वार्षिक मूल्यमापनातही झाला नव्हता. दारात पोचलो तेव्हा त्या म्हणाल्या, "एका ठिकाणी मात्र हात थांबला. तुमी कामावरून घरी जाता नि मुलगी शर्टाचा वास घेऊन ओळखते, आज कुठलं औषध होतं ते. हे खरं हाय?"

"खरं आहे."

"कुठलं औषध तिला आवडत नाय?"

मला सांगता येईना. मी कधी विचारलंच नव्हतं.

"रविवारी दहा वाजता या," त्या म्हणाल्या. "मुलीला विचारून या. कविता आणू नका."

अशा रीतीनं मी बाईंच्या रविवारच्या मंडळात शिरलो. मंडळाला नाव नव्हतं, फी नव्हती, वार्षिक अहवाल नव्हता. त्याची सुरुवात राऊतबाईंच्या चिडण्यातून झाली होती. गावात आधी एक साहित्यिक गोतावळा होता. त्याच्या निमंत्रणपत्रिका बाईच टाइप करायच्या, म्हणून त्या एकदा गेल्या. दोन तासांच्या कार्यक्रमात स्वागत, प्रास्ताविक, परिचय, मनोगत, अध्यक्षीय आणि आभार होऊन शेवटी कविता वाचायला आठ मिनिटं उरली. ती आठ मिनिटंही एका कवीनं माईक नीट करण्यात घालवली. बाई परत आल्या आणि सोमवारी क्लासमध्ये जो येईल त्याला सांगत सुटल्या की रविवारी क्लास रिकामा असतो, ज्याला वाचायचं त्यानं यावं, हार आणू नये.

बसायला टायपिंगची बिनपाठीची स्टुलं. मी एकदा म्हटलं, चार खुर्च्या आणू या का, म्हाताऱ्या माणसांना बरं पडेल. बाई म्हणाल्या, "नको. पाठ टेकली की माणूस अध्यक्ष होतो."

वाचून झालं की वाचणाऱ्यानं बोलायचं नाही. ऐकणाऱ्यांना बाई एकच प्रश्न विचारायच्या, "काय राहिलं?" म्हणजे ऐकलेल्यातलं डोक्यात काय राहिलं ते सांगा. कसं वाटलं, हे सांगायला बंदी. ह्या बंदीचा सगळ्यांत मोठा जाच सावे सरांना व्हायचा. सर निवृत्त मुख्याध्यापक. शुद्धलेखनावर त्यांचं प्रेम इतकं, की वाण्याच्या दुकानातली पाटीसुद्धा ते खडूनं दुरुस्त करून यायचे. कुणी काही वाचलं की सर डोळे मिटून म्हणायचे, "अत्यंत हृद्य."

"सर, राहिलं काय?"

"एकूण परिणाम..."

"सर, एक वस्तू सांगा. एक माणूस, एक वास, काय पण."

सर बिचारे घामाघूम व्हायचे. पण यायचे मात्र दर रविवारी, सगळ्यांच्या आधी.

एकदा तालुक्यातले एक पुढारी आले, सगळे त्यांना भाऊ म्हणत. दोन गाड्या, खाली कार्यकर्ते, एकाच्या हातात पुष्पगुच्छ. त्यांनी कविता केल्या होत्या आणि आमच्या मंडळाला मार्गदर्शन करायची त्यांची इच्छा होती. आत येऊन त्यांनी चौफेर नजर टाकली आणि विचारलं, "माझी जागा?"

"सात नंबर," बाई म्हणाल्या. "आधी दोघंजण हायत, मग तुमचा नंबर."

भाऊ सात नंबरच्या स्टुलावर, कीबोर्डसमोर, तब्बल पाऊण तास बसले. माणूस मोठा असला तरी बिनपाठीच्या स्टुलावर पाऊण तासात लहान होतो. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी राष्ट्रावरची एक लांबलचक कविता वाचली. मध्ये दम लागला म्हणून थांबले, पाणी प्यायले, आणि उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "आमची आई मिठागरात होती कामाला. घरी आली की आमचं कुत्रं तिच्या टाचा चाटायचं, मिठासाठी." मग पुन्हा राष्ट्राकडे वळले.

वाचन संपलं.

"काय राहिलं?" बाईंनी विचारलं.

कुणाला राष्ट्राबद्दल एक अक्षर आठवेना. शेवटी ब्लाऊज शिवणाऱ्या एक बाई यायच्या, त्या हळूच म्हणाल्या, "कुत्रं."

भाऊ लाल झाले. मला वाटलं आता खालून कार्यकर्ते येणार. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, तर बाईंची बोटं मांडीवर चक्क स्थिर. "मला पण कुत्रंच राहिलं," त्या म्हणाल्या. "ते लिवलंय कुठं?"

"ते कवितेत बसत नव्हतं."

"मग कविता मोडा, भाऊ. टाचा ठेवा."

पुढच्या रविवारी भाऊ एकटे आले, रिक्षानं. अर्धं पान लिहून आणलं होतं, टाचांच्या भेगांत आई संध्याकाळी खोबरेल भरायची त्याबद्दल. निम्मं वाचलं आणि पुढं वाचता येईना. बाईंनी बडीशेपेची डबी त्यांच्यापुढं केली, एवढंच. मग निवडणूक लागली आणि ते पुन्हा आले नाहीत. त्यांच्या आधीच्या भाषणांत आई हमखास यायची. त्यानंतर मी त्यांच्या दोन सभा ऐकल्या, आई आली नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल, राऊतबाई म्हणजे नेहमी बरोबर असणाऱ्या बाई. तशा त्या असत्या तर मी त्यांच्यावर लिहिलं नसतं. त्यांची सगळ्यांत मोठी चूक मी डोळ्यांनी पाहिली आहे.

जयवंती मनोरच्या पलीकडच्या डोंगरातली. थोडी भाताची जमीन, तीही पावसावर. भात झालं की घरच्यांबरोबर सहा महिने वीटभट्टीवर जायची. सातवी शिकलेली. ती पालघरला आली होती अर्ज टाइप करून घ्यायला. विषय: शेजारणीने माझी कोंबडी खाल्ल्याबाबत.

भट्टीवर जाताना तिनं चार कोंबड्या शेजारणीकडे ठेवल्या होत्या. परत आली तेव्हा तीन. शेजारीण म्हणाली, मुंगसानं नेली. पण मधल्या काळात शेजारणीचा जावई चार दिवस राहून गेला होता, आणि मुंगूस पिसं नीट गोळा करून पुरत नाही, असं जयवंतीचं म्हणणं. बाई तासभर ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अर्ज नंतर करू. तू हे सगळं लिवून काढ, असंच. रविवारी वाच."

जयवंतीनं लिहिलं. वही भरून, पेन्सिलीनं. बाईंनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना प्रती देण्यासाठी ते टाइप केलं, वही स्वतःकडे ठेवली आणि रविवारी छापील कागद जयवंतीच्या हातात दिला.

ती वाचायला लागली. पहिल्याच ओळीला अडखळली. दुसऱ्या ओळीला थांबली. सावे सरांना वाटलं तिला वाचता येत नाही, म्हणून ते शेजारून शब्द पुरवायला लागले. जयवंतीनं कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"हे कोणाचं हाय?" ती म्हणाली.

"तुझंच," बाई म्हणाल्या.

"माझं नाय." तिनं कागदाची घडी घातली, टेबलावर ठेवली, आणि जिना उतरून गेली. त्यानंतर तीन रविवार आली नाही.

पहिल्या रविवारी बाई म्हणाल्या, काम असेल. दुसऱ्या रविवारी सारख्या जिन्याकडे बघत होत्या. तिसऱ्या रविवारी सगळे गेल्यावर मला थांबवलं. समोर जयवंतीची वही आणि शेजारी तो छापील कागद.

"बघा," त्या म्हणाल्या. "केमिस्ट, तुमी बघा."

वहीत होतं, ‘कोंबड्या घरी हायत म्हंजे घर हाय.’ छापील कागदावर होतं, ‘कोंबड्या घरी असल्यामुळे घर असल्यासारखे वाटते.’ आणि असं सगळीकडे. प्रत्येक ‘हाय’चं ‘आहे’, प्रत्येक ‘आमी’चं ‘आम्ही’, आणि शुद्ध करता करता मधेच सगळा जीवच गेलेला.

"मी मुद्दाम नाय केलं," बाई म्हणाल्या. "बोटांनी केलं. तीस वर्षं लोक येऊन सांगतात ‘नाय’ नि मी टाइप करते ‘नाही’. मी स्वतः ‘नाय’ म्हणते, आमच्या घरात सगळे म्हणतात. तोंडात नाय नि बोटात नाही." त्यांनी वहीवर हात ठेवला. "मी मोजलं. बेचाळीस ठिकाणी. शेजारणीनं तिची एक कोंबडी खाल्ली. मी बेचाळीस खाल्ल्या."

बुधवारी त्यांनी क्लास बंद ठेवला. सणवार नसताना क्लास बंद, हे पालघरला इतकं नवीन होतं की हार्डवेअरवाला वर येऊन विचारपूस करून गेला. मी रजा टाकली आणि बाईंना मोटरसायकलवर मागं बसवून मनोरच्या पुढं घेऊन गेलो. वाटेत त्या सारख्या माझ्या पाठीवर काहीतरी टाइप करत होत्या. काय ते मी विचारलं नाही. माफीचा मसुदा असावा, कारण बराच खोडला जात होता.

जयवंतीच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. सात-आठ बायका. जयवंतीनं आम्हाला पाहिलं, पण हात थांबवला नाही. पेंढी उचलायची, फळीवर आपटायची, दुसरी उचलायची.

बाई खळ्याच्या कडेला पेंढ्यावर बसल्या. "माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. वाटेत पाठ केलेलं बाकी सगळं विसरल्या असणार.

जयवंती झोडतच म्हणाली, "बाय, तू बोलतेस माझ्यासारखी नि लिवतेस मास्तरासारखी."

"व्हय."

"मंग तू बोलतेस ती खोटी का लिवतेस ती खोटी?"

बाईंनी पिशवीतून वही काढली. "मी वाचू?"

"वाच. बगू तुला येतं का."

बाई वाचू लागल्या. शिरगावची बोली आणि डोंगरातली बोली एक नव्हे, पण चुलत बहिणी असाव्यात तशी ती त्यांच्या तोंडात बसली. एकेक बाई झोडायची थांबली. भट्टीवरच्या झोपडीत जयवंतीला पहाटे आरवणं ऐकू यायचं आणि मग लक्षात यायचं की कोंबडा तिकडे गावाला आहे, हे आलं तेव्हा सगळ्या जवळ सरकल्या. जावई आला तेव्हा हशा. आणि पिसं पुरल्याचं आलं तेव्हा एक जाडजूड बाई पेंढी खाली टाकून ओरडली, "मुंगसानंच खाल्ली!"

"हीच ती," जयवंती आम्हाला म्हणाली.

बाईंनी वही मिटली. मला वाटलं, आता दोघींची जुंपणार आणि आपण साक्षीदार म्हणून कुठंतरी जाणार. पण शेजारीण जवळ आली, वहीकडे संशयानं बघितलं, आणि म्हणाली, "आरवण्याचं बरं लिवलंस. पण माझ्या जावयाचं नाव काढ त्यातून."

जयवंतीनं विचार केला. "नाव काढते. जावय ठेवते."

"बरं," शेजारीण म्हणाली आणि पुन्हा झोडायला लागली.

मग आम्हाला भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी मिळाली. कोंबडी मिळाली नाही, हे नमूद करतो.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी जयवंती आली. बाईंनी वहीतलं जसंच्या तसं टाइप करून ठेवलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं की मागच्या वेळी आपण काय केलं, का केलं, आणि बेचाळीस हा आकडाही सांगितला. सावे सर म्हणाले, "पण प्रमाणभाषेचं काही..." बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. जयवंतीनं वाचलं. न अडखळता, भरभर, मध्ये एकदा स्वतःच हसून. संपल्यावर बाईंनी विचारायच्या आधीच सर बोलले, "घरी हायत म्हंजे घर हाय." ते तसंच्या तसं बोलले, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन इकडेतिकडे बघायला लागले.

त्या वर्षी जयवंती भट्टीवरून फोनवर आवाज पाठवायची. पाठीमागे ट्रॅक्टर, कुणाचं तरी रडणारं पोर, आणि मध्ये तिची गोष्ट. बाई ती कानाला लावून टाइप करायच्या, एक ओळ तीन-तीनदा ऐकून. आता त्यांची बोटं पूर्वीसारखी पळत नव्हती. शिकाऊ मुलींना गंमत वाटायची की बाईंचा वेग कमी झालाय. बाई म्हणायच्या, "झाला तर झाला. मी काय परीक्षेला बसणार हाय?"

त्या स्वतः कधीच लिहीत नव्हत्या. मी एकदा फार मागं लागलो, तुमच्याकडे इतकं आहे, लिहा की. तेव्हा म्हणाल्या, "सगळेच स्वयंपाक करायला लागले तर जेवणार कोण?"

माझी मुलगी आता मोठी झाली. तिला कुठल्या औषधाचा वास आवडायचा नाही, त्यावर मी शेवटी चार पानं लिहिली. गद्यात. त्या चार पानांत पेन्सिलीचा ‘झो’ एकदाच आला. माझ्या लेखनाला मिळालेला तेवढाच पुरस्कार.

गेल्या वर्षी माझी गुजरातला बदली झाली. सामानाचा टेम्पो रविवारीच निघणार होता, म्हणून मी वाट वाकडी करून पालघरला अर्ध्या तासापुरता वर गेलो. निरोपसमारंभ वगैरे होणार नाही हे ठाऊक होतं. झालाही नाही. बाई म्हणाल्या, "तिकडं कोणी ऐकणारं नसलं तर भिंतीला वाचून दाखवा, पण मोठ्यानं."

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा, सिक्युरिटीचा निळा गणवेश, हातात घडी घातलेले कागद. रात्रपाळी संपवून बोईसरहून थेट आलेला असावा.

"मैडम, लिखने वाले यहीं बैठते हैं?" त्यानं विचारलं. "हमने थोड़ा लिखा है. पर हिंदी में है. बीच-बीच में गाँव की बोली भी है."

सावे सरांनी तोंड उघडलं. बाई त्यांच्या आधी बोलल्या. त्यांचं हिंदी ऐकून हिंदीच्या माणसानं पळून जावं असं होतं. "बैठो ना. जैसा लिवा है वैसाच वाचने का. नाय समजा तो हम पूछेगा."

सगळी स्टुलं भरलेली होती. बाई स्वतः उठल्या, आपलं स्टूल त्याच्याकडे सरकवलं आणि दाराशी फरशीवर मांडी घालून बसल्या.

"आप नीचे, मैडम?"

"मेरेको नीचे से बराबर सुनाई देता है. तुम वाचो."

तो वाचायला लागला. आधी घाबरत, मग जरा सुरात. खालून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मी उठलो, दाराशी आलो, म्हटलं, "बाई, निघतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला जाता यावं म्हणून नुसते गुडघे आत घेतले, पदर आवरला आणि नजर त्या माणसाच्या तोंडावर ठेवली.

मी अर्धा जिना उतरलो असेन, तोच वरून त्यांचा आवाज आला, "रुको, रुको. वो म्हैस का नाम क्या था?"

त्यानं काहीतरी सांगितलं. खाली पुन्हा हॉर्न वाजला. वर सगळेच्या सगळे हसले, सावे सरांसकट. म्हशीचं नाव काय होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.